धुराची सूट

घर,
ता. ९ जानेवारी

चि. नानू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याआधी तुझा फोन आणि त्यानंतर तुझ्या बायकोने पाठवलेला पोर्चचा फोटो, असं सगळं क्रमाने पोचलं. आम्ही बरे आहोत. तुझे भावजी तर इतके बरे आहेत की बघवत नाही. तुम्हीही मजेत असाल, फोटोवरून दिसतंच आहे.

फोटो मी चष्मा लावून पुन्हा पाहिला. फरशीवर खडूने आखलेला चौकोन, दोन्ही बाजूंना कुंड्या आणि वर दिवा. बाबांच्या गाडीसाठी जागा तयार! अरे, गाडी माझ्या दारात धडधाकट उभी आहे, काल मी तिच्यातून गव्हाचं पोतं आणलं, आणि तुम्ही तिकडे तिच्यावर उजेड कुठून पाडायचा ते ठरवून मोकळे झालात? माणूस जेवत बसलेला असताना त्याच्या फोटोला चौकट करून आणावी, तशातला प्रकार झाला हा. गाडीत बसलं की पहिल्या वळणाला ओकणारा तू. बाबा तुझ्यासाठी मागच्या सीटवर डबा ठेवायचे. आता म्हणे, 'बाबांची आठवण म्हणून पोर्चमध्ये हवी.' उभ्या गाडीत ओकारी येत नाही, एवढा विचार मात्र तू बरोबर केलास.

असो. तुझी अट मी वाचली. ती इथे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं व्हायला नको. बाबा गेल्यापासून गाडी वापरते मी, पण कागदावर ती आपल्या दोघांची. यंदा नोंदणीची मुदत संपते, आणि नव्याने एकाच्या नावावर करायची तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. तू म्हणतोस, धुराच्या तपासणीत गाडी पास झाली तर ताई, तुझ्या नावावर कर, मी सही देतो. नापास झाली तर जुन्या गाड्यांना असते ती सूट घ्यायची आणि गाडी माझ्या पोर्चमध्ये. ठीक आहे. कबूल.

आता सूट म्हणजे काय ते ऐक. तू ज्या उत्साहाने तो शब्द वापरतोस, त्यावरून तुला ते माहीत नाही हे उघड आहे. मी नोंदणी कार्यालयात जाऊन आले. खिडक्या पुष्कळ, माणूस एकीमागेच. तो पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. माझे कागद त्याने त्याच टोपणाने पुढे सरकवले.

"बाई, एवढी जुनी गाडी, तपासणी कशाला करताय? सूट घ्या. सगळे घेतात."

"सूट घेतली की काय होतं?"

"धुराची तपासणी नाही. कायमची कटकट गेली."

"आणि गाडी चालवता येते?"

"येते की! प्रदर्शनाला नेता येते. जुन्या गाड्यांची फेरी निघते, तिच्यात नेता येते. गॅरेजला नेता येते."

"आणि कामाला?"

तो हसला. "कामाला कशाला नेता हो? हौसेची गाडी ती. पुसायची, झाकून ठेवायची."

म्हणजे गाडीने कितीही काळं ओकलं तरी सरकारची ना नाही, फक्त तिने कुठे जायचं नाही. मी त्याला तसं म्हटलं. "तसं नाही हो, बाई," म्हणाला आणि पुन्हा कानाकडे वळला. मी म्हटलं, सूट नको, तपासणीची तारीख द्या. तीन वेळा संधी मिळते. तिसऱ्यांदा नापास झाली की सूट नाहीतर भंगार, तिसरा रस्ता नाही.

पहिली संधी काल झाली. तुझे भावजी बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं, पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुठेही काहीही तपासायचं असेल तिथे आपण हजर असलंच पाहिजे अशी त्यांची समजूत आहे. नेहमीप्रमाणे पिशवी समोर अडकवली, सीट मागे सरकवली, आणि वाटेत प्रत्येक सिग्नलला मला सांगितलं की लाल आहे. मला! बाबांनी ज्या वयात मला गाडी शिकवली, त्या वयात या माणसाला सायकलवर मागे बसायची भीती वाटत होती. हे त्यांच्या आईनेच मला सांगितलेलं आहे.

तपासनिसाने मागच्या नळीत सळई घातली, "रेस करा" म्हणाला. मी केली. आणि नानू, असा काळाकुट्ट धूर निघाला की मागच्या रांगेतल्या लोकांनी काचा वर केल्या. मी खरंच थक्क झाले. रोज गाडी काढते, कधी एवढा धूर बघितला नाही. यंत्राने आकडा दाखवला, तपासनिसाने शिक्का मारला, नापास.

"मी म्हटलंच होतं," तुझे भावजी म्हणाले. त्या माणसाचं अख्खं आयुष्य या तीन शब्दांत मावतं.

गॅरेजवाल्याकडे टाकणार आहे. गाडी मला लागते. कशाला, ते विचारू नकोस. गव्हाला लागते असं समज.

तुझ्या बायकोला सांग, कुंड्यांना पाणी घालत राहा, चौकोन पुसला तरी चालेल.

ताई


घर,
ता. ८ फेब्रुवारी

चि. नानू,
आशीर्वाद.

आज ख्यालीखुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही. गाडी पुन्हा नापास झाली हे तुला माझ्याआधी तुझ्या भावजींनी कळवलंच आहे. कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत त्यांनी तुला फोन लावला. मी शेजारी गाडी चालवत होते, कानात बोळे नव्हते माझ्या. "आता एकच संधी राहिली, मग सुटलो," असं म्हणाले ते. कशातून सुटलो रे? तू पलीकडून हसलास, तेही ऐकलं मी.

मधल्या दिवसांत गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, हवेची जाळी नवी घातली. मी पाहायला गेले तर नळीला पांढरा रुमाल लावून दाखवला त्याने. रुमाल जवळजवळ पांढराच राहिला. म्हणाला, "बाई, ही गाडी नापास झाली तर मी धंदा बंद करीन." दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी तरातरा त्याच्याकडे गेले आणि विचारलं, कधी बंद करतोयस? त्याने माझ्यासमोर पुन्हा गाडी सुरू केली. धूर नाही! म्हणाला, यंत्रच बिघडलंय त्यांचं. मी त्याला खोटारडा म्हटलं आणि निघून आले. काय बोलणार? त्याच्याकडे शहाण्यासारखी चालते आणि तिथे गेली की धुराड्यासारखी धूर ओकते. रोजच्या वापरात काही नाही, आणि ऐन तपासणीला हे असं. बाबा असते तर त्यांनी नुसतं कान देऊन सांगितलं असतं. मला तेवढं येत नाही.

तुझे भावजी सध्या भलतेच प्रेमळ झालेत. "तुला आता कुठे जायचंय? बस ना निवांत. तुला कसली ददात आहे? सगळ्यातून सूट आहे तुला." अगदी हाच शब्द, नानू. त्या खिडकीतल्याने यांच्याकडे शिकवणी लावली होती की काय! लग्न झाल्यापासून मी ही सूट भोगते आहे. हिशेब बघू नकोस, मी बघतो. गावाला जाऊ नकोस, कशाला दगदग? इस्पितळातली नोकरी सोड, रात्रपाळी कशाला करायची, मी कमावतो ना? मी नर्स होते हे तुझ्या मुलांना तरी माहीत आहे का? सोडली तेव्हा मुलगा लहान होता, निमित्त चांगलं होतं. मुलगा मोठा झाला, परदेशी गेला, निमित्त गेलं, सूट राहिली.

आता सांगूनच टाकते, नाहीतर तू म्हणशील ताईने लपवलं. डोंगरावर एक दवाखाना आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा वर येतात, बाकी दिवस नर्सच्या भरवशावर. आधीची नर्स सोडून गेली. मी अर्ज केला होता, उजळणीची परीक्षा दिली, मला घेतलंय त्यांनी. या वयात! आसपासच्या वस्त्यांवर बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना बघायला जावं लागतं आणि तिकडे बस जात नाही. म्हणून एकच अट आहे, स्वतःचं वाहन हवं आणि ते रोज चालवायची परवानगी हवी. प्रदर्शनाची गाडी चालत नाही. मार्चच्या एक तारखेला हजर व्हायचं आहे.

तुझ्या भावजींना यातलं काही माहीत नाही. तू सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरीसुद्धा सांगते, एवढं एक ठेव.

तिसरी संधी या महिन्याच्या अखेरीस. मला रात्री झोप लागत नाही. बस्स, आज एवढंच.

ताई


दवाखाना, मागची खोली,
ता. ४ मार्च

चि. नानू यास,

मी खुशाल आहे. पोचल्यापासून पाठ दुखते, पायांना गोळे येतात, पाणी अंगणातून भरून आणावं लागतं, आणि मी खुशाल आहे.

तुझा निरोप काल मिळाला, त्यावर येतेच. पण आधी गाडीचं ऐक, कारण गाडीचं तू कुणाकडून तरी उलटंपालटं ऐकलं असशील.

तपासणीच्या आदल्या दिवशी तुझ्या भावजींनी आतून हाक मारली. "माझी पिशवी गाडीत राहिली गं, आण जरा, चष्मा आहे तिच्यात." ती पिशवी तू पाहिली आहेस. छत्री, पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं, आणि घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा, कारण किल्ल्या घरी ठेवल्या तर घरातलं कुणीतरी कुलूप उघडेल ना! अशी ती धोंड्यासारखी जड पिशवी. ते बसतात त्याच्यासमोर, डॅशबोर्डखाली, जरा तिरकं एक काळं बटण आहे, त्याला अडकवतात. 'खुंटी' म्हणतात तिला. "बाबांनी खुंटी मात्र सोयीची बसवलीय हो," असं कौतुकाने म्हणायचे.

मी पिशवी काढली आणि बघतच राहिले. बटण चांगलं दोन बोटं बाहेर आलेलं. नानू, तो चोक आहे रे! कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होईना तर ओढायचा, म्हणजे इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, आणि गरम झाली की लगेच आत ढकलायचा. ढकलला नाही तर गाडी काळं ओकते. बाबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे. आणि हा माणूस बाबा गेल्यापासून दर वेळी त्यावर आपला संसार टांगत होता! गॅरेजवाल्याकडे जाताना पिशवी घरी राहायची, तो सवयीने बटण आत दाबायचा, गाडी गुणी. मी एकटी निघाले की पिशवीचं ओझं नसल्यामुळे वाटेतल्या हादऱ्यांनी बटण आपोआप आत जायचं, गाडी गुणी. हे शेजारी बसले की धूर.

मला आधी का दिसलं नाही? ती पिशवी तिथे बघून बघून मला ती गाडीचाच भाग वाटायला लागली होती. त्यापुढे काय सांगू?

मी दारातच मोठ्याने हसले. इतकी, की आतून विचारणा झाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, चष्मा सापडला. बटण आत ढकललं, किल्ली फिरवली. काय आवाज होता तो! बाबा सकाळी गाडी काढायचे तसा. मी पिशवी नेऊन त्यांच्या हातात दिली आणि एक अक्षर बोलले नाही. का सांगू? कधी कशाला हात लावण्यापूर्वी 'हे काय आहे' असं विचारलं नाही या माणसाने. मला विचारलं नाही, तर गाडीला तरी का विचारील!

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले तेव्हा मी निघाले. एकटी. तोच तपासनीस, तीच सळई. "बाई, परत आलात? सूट घ्या म्हटलं होतं ना." मी म्हटलं, तुमचं तोंड बंद ठेवा आणि सळई घाला. रेस केली. मागे एक दुधाची गाडी होती, तिच्या ड्रायव्हरने नाकाला आधीच रुमाल लावून ठेवला होता. तो त्याने हळूच काढला. तपासनिसाने यंत्राला टपली मारली, पुन्हा रेस करायला लावली, पुन्हा आकडा बघितला. "काय केलंत हो?" म्हणाला. पास! मग त्याच खिडकीत, त्याच टोपणवाल्यासमोर मी तो कागद आपटला. आता फक्त तुझं संमतिपत्र बाकी आहे. ते येईपर्यंत चालवायला तात्पुरती परवानगी मिळाली आहे, याच महिन्याच्या अखेरपर्यंत. त्यानंतर नाही.

घरी आले, दोन बॅगा भरल्या. तुझे भावजी पेपर वाचत होते.

"काय म्हणाले? सूट मिळाली?"

"नाही. पास झाली."

"बरं. मग आता कुठे निघालीस?"

"डोंगरावरच्या दवाखान्यात. नोकरीला. तिकडेच राहणार आहे."

त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि विचारलं, "किती वाजता येशील?"

शपथेवर सांगते, हेच म्हणाले. ऐकलं नाही असं नाही, ऐकलं होतं. पण मी म्हटलेलं खरं होऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. मी बॅगा उचलल्या. ते उठले नाहीत.

मोठा तोरा मिरवत आले असं वाटेल तुला. घाट सुरू होतो तिथे गाडी बाजूला घेतली आणि ढसाढसा रडले. इतकी वर्षं एका माणसाला गरम वाढलं, त्याचं अंग दुखलं तर दाबलं, त्याचा पेपर ओला होऊ नये म्हणून पावसात धावले. ते सगळं एका पानाच्या उलटण्याएवढंसुद्धा नव्हतं? मला त्यांचा राग येतो, कीव येते, आणि संध्याकाळी सहाला चहाची वेळ झाली की हात आपोआप दोन कपांकडे जातो. हेही खरं आहे. तुला एवढं समजलं तरी पुरे.

आता तुझा निरोप. "ताई, आधी घरी जा, मग सही देतो."

वा रे वा! अट होती, पास झाली तर सही. गाडी पास झाली. त्यात 'घरी जा' कुठून आलं? बाबांच्या पाठीमागे घरचा कर्ता झालास म्हणजे बहिणीच्या पायात खोडा घालायचा हक्क मिळाला का तुला? भावजींचा फोन आला असेल, ते रडवेले झाले असतील, तुला वाईट वाटलं असेल. मला विचारलंस एकदा तरी, की ताई, का गेलीस? माझ्याकडून पन्नास गोष्टी शिकलास, शाई भरायला शिकलास, खोटं पचवायला शिकलास, पोहायला शिकलास. एवढी एक गोष्ट कशी नाही शिकलास, की दिलेला शब्द पाळायचा असतो?

तुला काय वाटतं, मी घाबरून परत फिरेन? घाबरते मी, खोटं कशाला बोलू. परवा वरच्या वस्तीवर एक बाळंतीण होती, मूल आडवं. गाडीच्या मागच्या सीटवर तिला झोपवून खाली मोठ्या इस्पितळात आणली. दोघं जिवंत आहेत. ती वाटेत माझा पदर इतका घट्ट धरून होती की गिअर टाकताना हात अडत होता. तेव्हा घाबरले होते, पण गाडी कुठे थांबवली नाही. तुझ्या पोर्चमध्ये ती गाडी दिव्याखाली उभी असती तर त्या पोरीचं काय झालं असतं, हे तूच सांग. तुझ्या बायकोलाही सांगायला सांग.

सही पाठव. नाही पाठवलीस तर महिनाअखेरीला गाडी इथल्या अंगणात उभी राहील, तुझी अर्धी तू ओढून ने, हवी तर पुढची. मी वस्त्यांवर चालत जाईन. उशीर होईल, एखादी बाई वाचायची नाही, आणि ते तुझ्या सहीवाचून झालेलं असेल. पण मी घरी परत जाणार नाही. हे तुला कळावं म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, नाहीतर एका ओळीत भागलं असतं.

आणि सही पाठवशील तेव्हा लहान भावासारखी पाठव, उपकार केल्यासारखी नको. सोबत एखादी ओळ लिही. जानेवारीतल्या त्या एका पत्रानंतर तुझं अक्षर बघितलं नाही, नुसते फोन आणि निरोप येतात. मला तुझी आठवण येते, गाढवा.

पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. आधी मला आलेल्या प्रत्येक पत्रावर 'द्वारा' बाबांचं नाव असायचं, मग 'द्वारा' तुझ्या भावजींचं. या पत्त्यावर नुसतं माझं नाव लिही. पोस्टमन आणून देतो, मी कालच विचारून घेतलं.

तुझी
ताई